चामखीळ समजून घोडीच्या गाठीला केस बांधू नका

घोड्याच्या काखेत, जांघेत, कानाच्या मुळाशी किंवा डोळ्याच्या कडेला नाण्याएवढा गोल चट्टा दिसतो. तिथले केस गेलेले असतात, कातडी राखाडी पडलेली आणि थोडी खवलेदार झालेली असते. तो दुखत नाही, फारसा खाजत नाही. घोडा खातो-पितो, पळतो. मालक म्हणतो नायटा आहे, आणि घरात असेल ते मलम चोळायला लागतो. नायटा असेल तर तो पसरतो, शेजारच्या जनावरालाही होतो आणि औषध दिलं की काही आठवड्यांत केस परत येतात. हा चट्टा मात्र वर्षभर जागेवरून हलत नाही. मलमं बदलून काही होत नाही म्हटल्यावर कुणी ब्लेडने खरवडतं, कुणी मोरचूद भरतं, कुणी डाग देतं. आणि तिथून खरा त्रास सुरू होतो.

सासवड-जेजुरी पट्ट्यात माझी प्रॅक्टिस आहे. दिवसातला बहुतेक वेळ गाई-म्हशींमागे जातो, पण घोडेही आमच्याकडे कमी नाहीत. वरातीच्या घोड्या आहेत, बैलगाड्यापुढे पळणाऱ्या घोड्या आहेत, हौसेने पाळलेले मारवाडी आणि काठेवाडी घोडे आहेत. गाढवं तर पुष्कळ. यांच्या अंगावर मला जी गाठ सगळ्यात जास्त दिसते, तिचं नाव सारकॉइड. जगभरात घोड्यांच्या कातडीला होणाऱ्या गाठींमध्ये हिचाच पहिला नंबर लागतो. तरीही ती माझ्यापर्यंत जवळजवळ नेहमी उशिरा येते, घरचे सगळे उपाय होऊन गेल्यावर. म्हणून हे लिहिते आहे.

एका वरातीच्या घोडीचं सांगते. पांढरीशुभ्र, स्वभावाने शांत. बँडच्या आवाजात, फटाक्यात, नवरदेवाच्या मित्रांच्या गोंधळात एकदाही बिचकलेली नाही. त्या घराचा वर्षाचा निम्मा खर्च तिच्या लग्नसराईतल्या कमाईवर चालतो. पुढच्या दोन पायांच्या मागे, जिथे तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा कसतात, तिथे तिला सुपारीएवढी गाठ आली. वरची कातडी अखंड, हाताला टणक, बोटांत धरली तर इकडेतिकडे सरकणारी. मालकाच्या वडिलांनी पाहिलं आणि म्हणाले, चामखीळ आहे. आपल्याकडे माणसाच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधून ती पाडतात, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. आबांनी अशा पुष्कळ पाडलेल्या. त्यांनी तिच्याच शेपटीचा केस काढून गाठीला आवळला. चार-सहा दिवसांत वरचा भाग काळा पडला आणि गळून गेला. घरात सगळे खूश.

तीन आठवड्यांनी त्याच जागी लालभडक मांस वर आलं. पुन्हा केस बांधला, ते पडलं, आणि पुन्हा आलं ते आधीच्या दुप्पट. मग सळई तापवून डाग दिला. माझ्याकडे आणली तेव्हा गाठ मुठीपेक्षा मोठी झालेली, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी फुललेली, हात लावला की रक्त, वर माश्यांचा थर. तंग कसता येत नव्हता. मुलगा सारखा म्हणत होता, "डॉक्टरताई, आम्ही काही हयगय नाही केली हो. जे जे कळलं ते सगळं केलं." आणि ते खरंच होतं. त्यांनी माया केली होती. त्यांना ही गाठ कशाची आहे एवढंच कुणी सांगितलेलं नव्हतं.

ती गाठ विषाणूची असते. आणि तो विषाणू मुळात गाईचा.

गाईच्या सडांवर, मानेवर, डोक्यावर येणाऱ्या चामखिळी, ज्यांना आमच्याकडे मसही म्हणतात, त्या पॅपिलोमा विषाणूंमुळे होतात. त्यांचे प्रकार बरेच आहेत. त्यातला पहिला आणि दुसरा प्रकार घोड्याच्या कातडीत शिरला की सारकॉइड होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या जॅक्सन नावाच्या पशुवैद्याने १९३६ मध्ये ही गाठ नीट वर्णन करून तिला हे नाव दिलं. १९५१ मध्ये अमेरिकेत ओल्सन आणि कुक या दोघांनी गाईच्या चामखिळीचा अर्क घोड्यांच्या कातडीत टोचला, आणि तिथे सारकॉइडसारख्याच गाठी उठल्या. आता तर सारकॉइडचा तुकडा तपासला तर जवळजवळ प्रत्येकात गाईच्या या विषाणूचा डीएनए मिळतो. ब्राझीलमध्ये घोड्यांच्या गाठीत तेरावा प्रकारही सापडला आहे.

गाईत आणि घोड्यात हा विषाणू वागतो मात्र अगदी वेगळा, आणि ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. गाईच्या कातडीत तो वरच्या थरापर्यंत चढतो, तिथे आपल्या हजारो प्रती काढतो आणि बाहेर पडतो. एवढी गडबड झाल्यावर गाईच्या शरीराला त्याची चाहूल लागते, प्रतिकार उभा राहतो, आणि काही महिन्यांत चामखिळी आपोआप वाळून गळतात. कालवडींच्या चामखिळीवर कुणी थुजा देतो, कुणी अँथिओमॅलिनची इंजेक्शनं देतो, कुणी चामखिळीचीच लस करून टोचतो. यातल्या काही उपायांना थोडंफार यश येतं, पण पुष्कळदा ती जाण्याच्या वाटेवरच असते आणि श्रेय औषधाला मिळतं.

घोड्यात हा विषाणू कातडीच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये, ज्या जखम भरायचं काम करतात त्यांच्यात, जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. पूर्ण वाढलेले नवे विषाणू तो सहसा तयारच करत नाही. त्याच्या जनुकांपैकी दोन-तीनच काम करत राहतात. त्यातलं ई-५ नावाचं प्रथिन अवघ्या ४४ अमिनो आम्लांचं, इतकं छोटं. पण ते पेशीच्या वाढीचं बटण दाबून धरतं. जखम झाल्यावर जो निरोप पेशीला "आता वाढ" म्हणून सांगतो, तो निरोप आलेला नसतानाही पेशी वाढत राहते. शिवाय तेच प्रथिन त्या पेशीवरच्या अशा खुणा झाकतं, ज्या पाहून शरीराचे पहारेकरी बिघडलेली पेशी ओळखतात. म्हणून घोड्याचं शरीर त्या गाठीला आपलंच समजून गप्प बसतं.

आता केस बांधणं, डागणं, अर्धवट कापणं याचा विचार करा. वरचं मांस जातं, पण विषाणू बसलेल्या पेशी खाली आणि आजूबाजूला शिल्लक असतात. त्यातून आपण तिथे एक ताजी जखम करून ठेवलेली असते. जखम भरण्यासाठी शरीर वाढीचे निरोप पाठवतं, आणि ज्या पेशी आधीच थांबायला तयार नाहीत त्यांना ते मिळतात. नुसतं शस्त्राने कापून टाकलेल्या सारकॉइडपैकी मोठा हिस्सा परत येतो, तो याच कारणाने. परत येताना तो बहुधा आधीपेक्षा रागीट असतो.

या गाठीची रूपं सहा मानतात. सुरुवातीला सांगितला तो केस गेलेला सपाट चट्टा हे सगळ्यात शांत रूप. दुसरं खडबडीत, चामखिळीसारखं. तिसरं कातडीखालची गोळी, आमच्या घोडीची सुरुवात होती तसं. चौथं ते लाल फुललेलं मांस. पाचवं मिश्र, म्हणजे एकाच जागी दोन-तीन रूपं मिसळलेली असतात. सहावं रूप क्वचित दिसतं, पण फार वाईट. त्यात गाठींची माळ कातडीखालून लसिकावाहिन्यांच्या वाटेने पसरत जाते. बाकीच्या प्रकारांत एक दिलासा असतो की सारकॉइड फुप्फुसात, यकृतात जाऊन बसत नाही. पण तंगाखाली, लगामाच्या पट्ट्याखाली, पापणीवर आलेली गाठ घोड्याला कामातून उठवते, आणि कामातून उठलेल्या जनावराचं आपल्याकडे काय होतं ते मी इथे लिहायला नको.

पहिली गाठ साधारण तीन ते सहा या वयात दिसते. तेच घोड्याचं खरेदी-विक्रीचं वय. सारंगखेड्याच्या बाजाराला मी ओळखीच्या लोकांबरोबर जाते. दत्तजयंतीला तापीच्या काठावर घोडा बघायला आलेला माणूस भोवरे मोजतो, गळ्यावर देवमण आहे का पाहतो, पंचकल्याणी आहे का, कान कसे जुळतात, रेवाल चाल कशी आहे, दात किती. हे जाणकारीचं काम आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण लाखांचा सौदा करणारा माणूस घोड्याचा पुढचा पाय उचलून काख बघत नाही, मांड्यांच्या मध्ये हात घालत नाही, कान उलटा करून पाहत नाही, शेपटी वर करत नाही. पातळ कातडी, कमी केस, घाम आणि माश्या जिथे, तिथेच सारकॉइड येतो. केस गेलेला एक चट्टा म्हणजे घोडा नाकारावा असं मी म्हणत नाही. अनेक चट्टे वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही थोडे आपणहून जातातही. पण तो चट्टा खोगिराखाली आहे की मानेवर, एकच आहे की पाच, हे पैसे देण्याआधी कळायला हवं. ज्या घोड्याला एक सारकॉइड झाला त्याला पुढे आणखी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

सगळ्या लाल, न भरणाऱ्या जखमा सारकॉइड नसतात हेही सांगायला हवं. पावसाळ्यात येणारी बरसाती आपल्याकडे फार. माशी ओल्या जखमेवर बसते आणि घोड्याच्या पोटातल्या एका जंताची अळी तिथे सोडते, मग जखम चिघळते, खाजते, आत पिवळसर कण सापडतात. ती आयव्हरमेक्टिनने आणि जखम नीट झाकल्याने आटोक्यात येते. पाण्यात, दलदलीत उभं राहणाऱ्या घोड्यांच्या पायांना-पोटाला पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जिवाची जखम होते. तिच्यात कंकरासारखे कडक खडे निघतात आणि खाज इतकी की घोडा स्वतःचंच मांस चावतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेतल्या पशुवैद्यांनी हिंदुस्थानातल्या घोड्यांच्या अशा जखमांवर पुष्कळ लिहून ठेवलं, त्यात या कंकरांचा उल्लेख आहे.

आणि एका आजाराबद्दल मी कडक आवाजातच बोलते. पायाच्या आतल्या बाजूने कातडीखाली गाठींची रांग, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव, नाकातून पू, ताप, असं काही दिसलं तर हात लावू नका, कापू नका, लगेच सरकारी दवाखान्यात कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला होतो आणि माणसाच्या जिवावर उठतो. २००६ साली तो महाराष्ट्रात आला होता. कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे, रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. सारकॉइडपासून माणसाला धोका नाही. घोडीशी खेळणाऱ्या पोरांना घरच्यांनी लांब ठेवायची गरज नाही. पण आधी ओळख पटली पाहिजे, आणि ती मोबाइलवरच्या एका फोटोवरून कुणी पटवू नये, मीही पटवत नाही.

आता उपचार. अमुक एक औषध सगळ्या सारकॉइडला चालतं असं नाही, आणि जो तसं सांगेल त्याच्यापासून सावध राहा. गाठ कुठे आहे, कोणत्या रूपाची आहे, याआधी तिला किती छेडलंय, मालकाला किती दिवस आणि किती पैसे देता येतील, यावर ठरतं. सपाट शांत चट्ट्याला मी बहुतेकदा काहीच करत नाही. फोटो काढायचा, शेजारी नाणं धरून, आणि महिन्याने पुन्हा. खरारा करताना तिथे जोर द्यायचा नाही, पट्टा घासत असेल तर खाली मऊ कापड. नुसता तुकडा काढून तपासायला पाठवण्याचीही मी अशा चट्ट्याच्या बाबतीत घाई करत नाही, कारण तीही एक जखमच. पाठवायचा तर पुढच्या उपचाराची तयारी ठेवूनच.

त्या घोडीच्या बाबतीत थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधी माश्या आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आणला. मग तिला भूल देऊन गाठ भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीसकट रुंद कापली. कापून झाल्यावर हातमोजे बदलले, अवजारं बदलली, कारण गाठीला लागलेल्या सुरीनेच ताजी कड शिवली तर पेशी तिथे रुजतात. आणि मग उरलेला तळ द्रव नायट्रोजनने गोठवला. यासाठी मोठं हॉस्पिटल लागतं असं लोकांना वाटतं. द्रव नायट्रोजन तर प्रत्येक तालुक्यात असतो, गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. गोठवायचं, आपोआप वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. तळाशी उणे २० ते २५ अंशांपर्यंत गारवा पोहोचला पाहिजे, त्यासाठी कातडीत बारीक तापमापकाची सुई खुपसून ठेवतात. पेशी वितळताना फुटतात, म्हणून वितळायला वेळ द्यायचा. घाई केली तर सगळं फुकट.

नंतरचे आठवडे मालकाच्या संयमाचे. गोठलेलं मांस काळं पडून सुटतं, वास येतो, जखम मोठी दिसते. रोज धुणं, माशी बसू न देणं. त्या घरातल्या सूनबाईंनी हे काम केलं, पहाटे धारा काढायच्या आधी. दिवाळीच्या सुमारास कडेला हरभऱ्याएवढं काहीतरी पुन्हा डोकावलं, ते लगेच गोठवलं. लहान होतं म्हणून दहा मिनिटांत झालं. त्यानंतर आजपर्यंत जागा स्वच्छ आहे. गोठवलेल्या जागी केस पांढरे येतात, रंगाच्या घोड्यावर तो ठिपका कायम दिसतो. या घोडीचा रंगच पांढरा, त्यामुळे तिच्यावर काही दिसतही नाही. लग्नसराईला ती उभी राहिली.

पापणीवरच्या गाठीला सुरी लावणं अवघड, तिथे बीसीजी उपयोगी पडते. होय, तीच क्षयाविरुद्धची लस जी आपल्याकडे बाळाला जन्मल्यावर टोचतात. गाठीत टोचली की शरीराला तिथे परका जंतू दिसतो, फौज धावून येते, आणि त्या गडबडीत आजवर दुर्लक्षित राहिलेल्या गाठीवरही हल्ला होतो. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घोड्याला जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून आधी औषधं देऊन, पशुवैद्याने समोर उभं राहूनच हे करायचं. गाठीत सिसप्लॅटिन टोचणं, फ्लुरोयुरॅसिलचं मलम लावणं हेही उपाय आहेत. ती माणसाच्या कॅन्सरची औषधं आहेत. हातमोज्यांशिवाय शिवायची नाहीत, आणि घरातल्या गरोदर बाईने त्या घोड्याच्या जवळही जायचं नाही. परदेशात किरणोत्सारी तारा गाठीत ठेवून उपचार करतात, आपल्याकडच्या मालकाला ते परवडण्याच्या पलीकडचं.

बांधण्याबद्दल एक गोष्ट आबांच्या बाजूने. कातडीखालची, बारीक देठाची गोळी असेल तर पशुवैद्यही कधी कधी घट्ट रबरी कडं चढवतात. पण देठ खरोखर बारीक आहे का आणि मूळ कातडीच्या आतच संपतंय का, हे आधी हाताने तपासतात, आणि कडं पडल्यावर तळावर पुढचा उपचार करतात.

घोड्यांना स्वतःचे पॅपिलोमा विषाणूही आहेत. वर्ष-दोन वर्षांच्या शिंगरांच्या नाकपुड्यांवर, ओठांवर राखाडी चामखिळींचा गुच्छ उठतो, तो त्यातलाच. बघायला वाईट, पण काही महिन्यांत आपोआप जातो. कृपा करून त्याला काहीही करू नका. कानाच्या आत पांढुरके खपलीसारखे चट्टे येतात, तेही विषाणूचेच, तेही सोडून द्यायचे. पण एका विषाणूला मात्र सोडून चालत नाही. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी घोड्याच्या लिंगाच्या कॅन्सरमध्ये घोड्यांच्या पॅपिलोमा विषाणूचा दुसरा प्रकार दाखवला. हा कॅन्सर सारकॉइडसारखा जागेवर बसणारा नाही. तो जांघेतल्या गाठींत उतरतो, पुढे आत जातो. वय झालेल्या, खच्ची केलेल्या घोड्यांमध्ये आणि गुलाबी कातडीच्या जनावरांत जास्त दिसतो. आपल्याकडे नुकऱ्याला, म्हणजे गुलाबी कातडीच्या पांढऱ्या घोड्याला, केवढी मागणी! गुलाबी नाक, गुलाबी पापण्या, देखणा असतोच. त्याच्या पापण्यांच्या कॅन्सरमागे मुख्यतः ऊन असतं, पण लिंगाच्या कॅन्सरमागे हा विषाणू. लघवी करताना घोडा लिंग पूर्ण बाहेर काढत नसेल, म्यानातून घाण वास येत असेल, रक्ताचे थेंब दिसत असतील, तर लाज धरू नका. म्यान धुवून बघणं हे सईसाच्या नेहमीच्या कामात आलं पाहिजे. सुरुवातीला दिसणारी फोड काढली तर घोडा वाचतो.

लसीचं काय, असं मला लोक विचारतात, आणि या प्रश्नावर माझा जीव थोडा जास्तच गुंततो. माणसाच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे पॅपिलोमा विषाणू आहे, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. त्यावरची भारतात बनलेली पहिली लस, सर्व्हाव्हॅक, जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणली, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. माझ्या मुलीला मी ती दिली. सीरमची सुरुवात १९६६ ची, आणि ती घोड्यांपासून झालेली. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, त्यांच्या रक्तातून धनुर्वात आणि सर्पदंशावरची औषधं बनत. ते काम आपणच करू शकतो, या विचारातून कंपनी उभी राहिली. म्हणजे माणसाच्या लसीच्या या सगळ्या कारभाराखाली घोड्याचं रक्त आहे, शब्दशः.

घोड्यासाठी तशीच लस शक्य आहे हे व्हिएन्नातल्या संशोधकांनी दाखवलंय. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं एकच प्रथिन घेतलं की ते आपोआप जुळून पोकळ गोळे बनतात, आत डीएनए नाही, त्यामुळे आजार नाही. माणसाची लस याच तत्त्वावर चालते. गाईच्या पहिल्या प्रकाराच्या विषाणूचे असे गोळे त्यांनी घोड्यांना टोचले, आणि नंतर जिवंत विषाणू कातडीत टोचून पाहिला. लस न दिलेल्या घोड्यांना गाठी आल्या, लस दिलेल्यांना आल्या नाहीत. ही लस आधीच झालेली गाठ घालवत नाही, होऊ देत नाही. आपल्याकडच्या दुकानात ती नाही. ती यावी असं मला मनापासून वाटतं, आणि गाई-घोडे एकाच गोठ्यात बांधणाऱ्या आपल्या देशाला तिची गरज युरोपपेक्षा जास्त आहे.

तोपर्यंत गोठ्यात करण्यासारखं बरंच आहे. ज्या कालवडीच्या अंगावर चामखिळी आहेत तिच्या शेजारी घोडा बांधू नका. तिची मोरकी, तिची दोरी, तिला वापरलेली कात्री आणि ब्रश घोड्याला वापरू नका. इंजेक्शनची सुई प्रत्येक जनावराला नवी, हे तर डॉक्टरलाही बजावून सांगा. माश्यांच्या अंगावर या विषाणूचा डीएनए सापडला आहे, म्हणून उकिरडा गोठ्यापासून लांब हवा आणि घोड्याची कुठलीही जखम, खरचटलेली का असेना, उघडी राहता कामा नये. आणि आधीच सारकॉइड असलेल्या घोड्याला खच्ची करायचं असेल किंवा टाके घालायचे असतील तर डॉक्टरला आधी ती गाठ दाखवा.

हे सगळं गाढवांनाही तंतोतंत लागू आहे. सारकॉइड त्यांनाही होतो, खेचरांनाही. वरातीच्या घोडीसाठी धावपळ करणारं घर असतं. वीटभट्टीवरच्या आणि घाटात वाळू-माती वाहणाऱ्या गाढवाच्या पोटाखाली काय वाढलंय ते ओझं लादताना कुणी वाकून बघत नाही, आणि लादणाऱ्याचीही त्यात चूक नाही, त्याचा स्वतःचा दिवसच पहाटे तीनला सुरू झालेला असतो. पौष पौर्णिमेला जेजुरीत बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, वडार, कैकाडी, कुंभार लांबून येतात, दात बघून भाव ठरतात. मी दर वर्षी तिथे असते, यंदाही आहे. ज्यांना गाढव किंवा घोडा दाखवायचा असेल त्यांनी सकाळी लवकर या, ऊन चढल्यावर जनावरं चिडतात. काख, जांघ, कान, पोट बघायचे पैसे मी घेत नाही. बाजारात कापाकापी करणार नाही, गाव आणि फोन लिहून घेईन, नायट्रोजन घेऊन नंतर भट्टीवर येईन. येण्याआधी गाठीवर काहीही लावू नका, हळदसुद्धा नाही, नाहीतर खालची कातडी दिसत नाही.